रीफ टँकमधील विषारी प्रवाळ: हाताळताना घ्यायची काळजी, लक्षणे आणि प्रथमोपचार

समजा, रविवारी सकाळी तुम्ही हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधून एक दगड बाहेर काढला. त्यावर तपकिरी बटणांसारखे काहीतरी फोफावले होते. ते तुम्ही ब्रशने घासले आणि निघत नव्हते तिथे गरम पाणी ओतले. दुपारी जेवताना तोंडाला कडवट, नाणे चघळल्यासारखी चव आली. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, कोरडा खोकला सुरू झाला, अंग ठणकू लागले. शेजारच्या खोलीत टीव्ही पाहत बसलेल्या मुलालाही तसेच होऊ लागले. "व्हायरल आहे, सगळीकडे साथ चालू आहे," असे म्हणून दोघांनी तापाची गोळी घेतली आणि झोपलात.

हा ताप खरोखरच व्हायरल असू शकतो. पण दगडावरची ती बटणे 'झोअँथिड' जातीचे प्रवाळ असतील, तर ही पॅलिटॉक्सिन नावाच्या विषाची बाधाही असू शकते. तुमच्या डॉक्टरांना हे आपोआप सुचणार नाही, कारण तापाच्या रुग्णाला "घरी फिश टँक आहे का?" असे सहसा कोणी विचारत नाही. हे तुम्हालाच सांगावे लागेल. त्यासाठी धोका कुठे आहे आणि तो कसा टाळायचा, हे आधी समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- टँकमध्ये शांतपणे वाढणारे प्रवाळ पाहण्यात धोका नाही. बाधा होते ती प्रामुख्याने ते कापताना, खरवडताना, घासताना, उकळताना किंवा फेकून देताना.
- पॅलिटॉक्सिन उकळून नष्ट होत नाही. गरम पाण्यामुळे उलट ते वाफेबरोबर हवेत पसरते.
- या विषावर उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार करावे लागतात.
- प्रवाळ हाताळल्यावर ताप, खोकला, धाप, डोळ्यांची आग किंवा तोंडात विचित्र चव जाणवली, तर डॉक्टरांना टँकबद्दल स्वतःहून सांगा.

कोणते प्रवाळ विषारी असतात?

घरगुती टँकमध्ये ज्यांच्यापासून पॅलिटॉक्सिनचा धोका असतो, ते मुख्यतः झोअँथिड गटातील प्रवाळ. छंदी मंडळी यांना 'झोआ', 'पॅली' किंवा 'बटण पॉलिप' म्हणतात. हे कठीण सांगाडा बांधणारे प्रवाळ नव्हेत. छोट्या समुद्रफुलांसारखे मऊ पॉलिप एकमेकांना चिकटून दगडावर गालिचा पसरावा तसे वाढतात. ते रंगीत असतात, पटकन वाढतात आणि नवशिक्याच्या हातीही सहसा मरत नाहीत. म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहेत.

यातील 'पॅलिथोआ' वंशाच्या काही प्रकारांत विषाचे प्रमाण फार जास्त असते. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या झोअँथिडांची संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा काहींमध्ये विष भरपूर सापडले, तर काहींमध्ये जवळजवळ नव्हतेच. अडचण अशी, की नुसते पाहून हा फरक सांगता येत नाही. दुकानातील नावे रंगावरून पडलेली असतात, शास्त्रीय ओळखीवरून नव्हे. त्यामुळे "हा प्रकार सेफ आहे" या आश्वासनावर विसंबू नका. प्रत्येक झोअँथिड विषारी आहे असे धरूनच तो हाताळा.

आणखी एक गोष्ट. तुम्ही झोअँथिड विकत घेतले नसतील, तरी ते तुमच्या टँकमध्ये असू शकतात. लाइव्ह रॉकबरोबर हे पॉलिप न बोलावता घरात येतात. ते बहुतेकदा तपकिरी आणि अनाकर्षक असल्यामुळे मालकाला नकोसे होतात आणि मग तो ते खरवडायला बसतो. खरी गडबड तिथे सुरू होते.

हे विष शरीरात काय करते?

हवाईतील माउई बेटावर हाना गावाजवळ एका खडकाळ डबक्यात असा एक प्रवाळ वाढत असे. स्थानिक लोक त्याला 'हानाचे प्राणघातक शेवाळ' म्हणत आणि भाल्याच्या टोकाला त्याचा लेप लावत, असे सांगितले जाते. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातून पॅलिटॉक्सिन वेगळे केल्याचे जाहीर केले. प्रथिने नसलेल्या नैसर्गिक विषांमध्ये ते सर्वांत जहाल विषांपैकी एक मानले जाते.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो एका फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. सोसायटीची मोटर खालचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते, तसे हे काम अखंड चालू असते. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटले की पंपाचे रूपांतर उघड्या नळात होते. सोडियम आत घुसतो, पोटॅशियम बाहेर गळतो आणि पाठोपाठ पेशीतील कॅल्शियम वाढते. स्नायू आकुंचन पावतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाची लय बिघडू शकते आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात.

हा पंप शरीरात सर्वत्र असल्यामुळे त्वचा, डोळे, फुप्फुसे, स्नायू, हृदय यांपैकी कशावरही परिणाम होऊ शकतो. लक्षणे इतकी वेगवेगळी असतात ती यामुळेच.

विष शरीरात कोणत्या मार्गांनी जाते?

*त्वचेतून:* हातावरची जखम, नखाजवळची सोललेली कातडी किंवा दगडाचा ओरखडा यांतून. जर्मनीत टँक साफ करताना बोटांना जखम झालेल्या एका व्यक्तीला अशी बाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

*डोळ्यांतून:* पॉलिप कापला किंवा दाबला की तो पाण्याची बारीक पिचकारी सोडतो. ती थेट डोळ्यात जाऊ शकते. विष लागलेल्या बोटाने डोळा चोळला तरी पुरते.

*श्वासातून:* हा मार्ग सर्वांत कमी लक्षात येतो, आणि यात एकाच वेळी अनेकांना बाधा होऊ शकते. २००७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एकाने दगडावरचे नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी उकळते पाणी ओतले. वाफ श्वासातून आत गेली आणि श्वासाच्या तीव्र त्रासामुळे त्याला रुग्णालयात जावे लागले. अलास्कातील अँकरेज शहरात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयाच्या दुकानांत आणि घरांत अशा संशयित घटना घडल्या. त्यांचा अहवाल अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधून प्रवाळ बाहेर काढल्यानंतर घरातल्या लोकांसह मदतीला धावलेल्या आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांनाही उपचार घ्यावे लागले.

*तोंडातून:* नळी तोंडाने ओढून टँकचे पाणी काढायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ही सवय कायमची सोडा. टँकमध्ये हात घातल्यावर न धुता खाणे हाही तोच मार्ग.

यात आपल्या घरांची रचना भर घालते. छोट्या फ्लॅटमध्ये टँक हॉलमध्ये असतो, खिडक्या बंद असतात, एसी तीच हवा फिरवत राहतो आणि त्याच खोलीत रात्री कोणीतरी झोपते. हवेत गेलेल्या विषाला बाहेर पडायला वाटच नसते.

लक्षणे कशी ओळखावीत?

कधी काही मिनिटांत, तर कधी काही तासांनी लक्षणे दिसू लागतात.

- तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव
- ओठ, जीभ किंवा बोटांना मुंग्या, बधिरपणा
- संपर्काच्या जागी लाली, सूज, पुरळ, वेदना
- डोळे लाल होणे, तीव्र दुखणे, प्रकाश सहन न होणे, अंधुक दिसणे
- थंडी वाजून ताप, डोकेदुखी, नाक वाहणे, खोकला, छातीत घरघर
- अंगदुखी, स्नायूंत गोळे येणे, अशक्तपणा
- मळमळ, उलटी, जुलाब

पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा: धाप लागणे, छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, नाडी फार जलद, फार मंद किंवा अनियमित होणे, चक्कर येऊन पडणे, लघवी कोलासारखी गडद होणे, दृष्टी कमी होणे.

व्हायरल ताप आणि ही बाधा यांत फरक करायला तीन खुणा उपयोगी पडतात. एक, गेल्या चोवीस तासांत टँकमध्ये काही काम झाले आहे. दोन, तोंडाची चव बदलली आहे. तीन, घरातील एकाहून अधिक जण जवळजवळ एकाच वेळी आजारी पडले आहेत. पाळीव कुत्रा किंवा मांजर अचानक मलूल झाले असेल, तर तीही खूण समजा. मात्र या खुणा नसल्या म्हणजे बाधा नाहीच, असा अर्थ काढू नका.

हाताळताना घ्यायची काळजी

*सुरुवात करण्यापूर्वी*

1. मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना दुसऱ्या खोलीत किंवा घराबाहेर पाठवा. तुम्हाला स्वतःला दमा असेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या.
2. खिडक्या उघडा. एसी बंद करा. पंखा चेहऱ्याकडे वारा आणणार नाही असे पाहा.
3. टँकमधील वेव्हमेकर, हवेचे पंप आणि हीटर बंद करा. त्यामुळे पाणी उडत नाही आणि विजेचा धोकाही टळतो.
4. कोपरापर्यंत येणारे नायट्राइलचे हातमोजे घाला. ते फाटलेले नाहीत ना, हे पाहून घ्या. हातावर ताजी जखम असेल तर काम पुढे ढकला.
5. बाजूंनीही बंद असणारा सुरक्षा गॉगल लावा. रोजचा नंबरचा चष्मा पुरेसा नाही.
6. ब्लीचचे द्रावण असलेली बादली आधीच भरून ठेवा.

*काम करताना*

1. शक्य ते सर्व काम पाण्याखाली करा. ओला पृष्ठभाग हवेत घासला की बारीक तुषार उडतात.
2. दगड काढायचा असेल तर पाण्याखालीच प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवा आणि पिशवीसकट बाहेर घ्या.
3. फ्रॅग करायचे असतील तर पॉलिपवरून नव्हे, खालच्या दगडावरून तुकडा पाडा. चेहरा दूर ठेवा.
4. स्वयंपाकघरातील सुरी, पाट, भांडी, सिंक यांचा वापर करू नका. टँकची हत्यारे वेगळी ठेवा.
5. काम चालू असताना खाणे, पिणे, धूम्रपान, फोन हाताळणे आणि चेहऱ्याला हात लावणे टाळा.

*झाल्यावर*

हातमोजे उलटे करून काढा, मग साबण आणि वाहत्या पाण्याने हात कोपरापर्यंत धुवा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. सांडलेले पाणी आणि चिकट स्राव लगेच पुसा, वाळू देऊ नका, कारण वाळलेला स्राव धूळ होऊन हवेत जाऊ शकतो. झोअँथिड दुखावले असतील तर टँकच्या फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. पाण्यात सुटलेले विष कमी करायला तो मदत करतो.

या गोष्टी कधीही करू नका

- दगड उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे, मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर तापवणे
- प्रेशर जेट, इलेक्ट्रिक ब्रश, ड्रिल किंवा ग्राइंडर वापरणे
- झोअँथिड असलेला दगड उघड्यावर वाळत ठेवणे
- नळी तोंडाने ओढणे
- नको असलेले प्रवाळ समुद्रात, खाडीत किंवा गटारात टाकणे

साध्या सर्जिकल मास्कने या विषापासून संरक्षण मिळत नाही. एन-९५ मास्क तुषार काही प्रमाणात अडवेल, पण तो डोळे झाकत नाही. "मास्क लावला आहे, आता घासायला हरकत नाही," असे समजू नका. तुषार उडूच न देणे हाच खरा उपाय.

प्रवाळाची सुरक्षित विल्हेवाट

पॅलिटॉक्सिन निष्प्रभ करायला घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, उपयोगी पडते. सीडीसीने सुचवलेली पद्धत अशी: ५ ते ६ टक्क्यांचे ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग असे ताजे द्रावण करावे आणि प्रवाळ त्यात ३० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावे. बाटली विकत घेताना लेबलवर टक्केवारी पाहा आणि मुदत संपलेली बाटली वापरू नका. फिनेल किंवा जंतुनाशक साबण हा ब्लीचला पर्याय नाही. ते जंतूंसाठी असतात, या विषासाठी नव्हे.

बादली बाल्कनीत किंवा हवेशीर जागी ठेवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले कोणतेही क्लीनर मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि एका संकटातून दुसरे उभे राहते. ब्लीच थेट टँकमध्येही ओतू नका, त्याने सगळे मासे मरतील.

अर्ध्या तासानंतर प्रवाळ दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. वापरलेले द्रावण भरपूर पाण्याबरोबर शौचालयात सोडा. ब्रश, चिमटे, बादली हेही ताज्या द्रावणात अर्धा तास ठेवून मग धुवा.

संपर्क झालाच तर प्रथमोपचार

*त्वचा:* ओले कपडे, अंगठी, घड्याळ काढा. साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. जखमेवर हळद, चुना किंवा टूथपेस्ट लावू नका. त्वचेवर ब्लीचही लावू नका.

*डोळे:* कॉन्टॅक्ट लेन्स काढा. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवा. घरातले जुने आय ड्रॉप्स घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. या विषाने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, झिजून त्याचे रोपण करावे लागल्याचीही उदाहरणे आहेत.

*श्वास:* सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत जा. पाळीव प्राण्यांनाही न्या. अर्धवट राहिलेले काम आवरायला परत आत जाऊ नका.

*तोंड:* चूळ भरा, गिळू नका. मुद्दाम उलटी काढू नका.

धाप लागत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून १८०० ११६ ११७ या टोल फ्री क्रमांकावर तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाही मार्गदर्शन मिळू शकते.

डॉक्टरांना काय सांगावे?

घाबरलेल्या माणसाला नेमके शब्द आठवत नाहीत. म्हणून हे वाक्य लक्षात ठेवा किंवा टँकजवळच लिहून चिकटवा:

"माझ्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. आज अमुक वाजता मी झोअँथिड प्रवाळ हाताळले. त्यात पॅलिटॉक्सिन असू शकते."

याबरोबर काम कसे केले, गरम पाणी वापरले का, आणखी कोणाला त्रास होतो आहे, हे सांगा. मोबाइलवर प्रवाळाचा फोटो असेल तर दाखवा. प्रवाळ मात्र पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका.

रुग्णाच्या रक्तातील पॅलिटॉक्सिन मोजणारी नेहमीची तपासणी उपलब्ध नाही. निदान तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच होते, म्हणून ते वाक्य इतके महत्त्वाचे. डॉक्टर ऑक्सिजनची पातळी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तातील पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि स्नायूंची हानी दाखवणारी सीपीके ही तपासणी करतात. गरजेनुसार ऑक्सिजन, नेब्युलायझेशन, सलाइन, वेदनाशामके दिली जातात. श्वासातून बाधा झाली असेल तर सुरुवातीला बरे वाटत असले तरी काही तास देखरेखीखाली ठेवणे योग्य ठरते. सौम्य बाधा झालेले रुग्ण सहसा काही दिवसांत पूर्ण बरे होतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मग रीफ टँक ठेवूच नये का?
तसे नाही. असंख्य लोक वर्षानुवर्षे झोअँथिड पाळतात. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर आपण जसा नियम पाळून वापरतो, तसेच हे. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर मात्र झोअँथिड नसलेला टँक निवडणे शहाणपणाचे.

मी आजवर उघड्या हातांनीच काम केले, काही झाले नाही. मग आता काळजी कशाला?
तुमच्याकडचा प्रकार कमी विषारी असेल किंवा हातावर जखम नसेल. पुढच्या वेळी आणलेला दगड वेगळा असू शकतो.

टँकच्या कामानंतर काही आठवड्यांनी बोटावर गाठ आली, तर तीही याच विषामुळे का?
सहसा नाही. मासे आणि टँकच्या पाण्यातून 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' या जिवाणूचा संसर्ग होतो. त्यात न दुखणाऱ्या किंवा थोड्या दुखणाऱ्या गाठी हळूहळू येतात. त्याला वेगळी औषधे लागतात आणि उपचार काही महिने चालतात. त्वचारोगतज्ज्ञांनाही टँकबद्दल सांगा.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर असेच पॉलिप दिसतात. ते घरी आणले तर?
मुंबईपासून कोकणापर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यांवर झोअँथिड आढळतात. ते पाहा, फोटो काढा, पण उपटू नका. मुलांना जखमी हाता-पायांनी त्यांना स्पर्श करू देऊ नका. शिवाय कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे तुम्हाला कायद्याच्या अडचणीत टाकू शकते.

शेवटचा सल्ला

टँकची जबाबदारी घरात साधारणपणे एकाच व्यक्तीकडे असते आणि बाकीच्यांना त्यातले काहीच ठाऊक नसते. नेमकी तीच व्यक्ती आजारी पडली, तर डॉक्टरांना सांगणार कोण? म्हणून आजच घरातल्या सर्वांना टँकमधले झोअँथिड दाखवा, ते बाहेर काढून घासायचे नाहीत हे समजावा आणि वर दिलेले वाक्य कागदावर लिहून टँकच्या स्टँडवर चिकटवा. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा, कारण टँकच्या आजूबाजूचे सांडलेले पाणी बहुधा त्याच पुसतात.

*ही माहिती सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. त्रास होत असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या.*